हवेचा कुंचला

चित्रकाराच्या हाताची खूण चित्रावर राहावयाचीच, असे आपण सर्वसाधारणपणे गृहीत धरून चालतो. कुंचल्याचे केस ज्या दिशेने फिरले त्या दिशेच्या बारीक रेघा रंगात उमटतात. कोठे रंग दाट बसतो, कोठे विरळ. आणि जाणकार मनुष्य चित्राच्या जवळ जाऊन प्रथम ह्या खुणाच न्याहाळतो. परंतु चित्रकाराच्या हत्यारांत एक हत्यार असे आहे की, जे कागदाला स्पर्शच करीत नाही. कागदापासून दोन-चार बोटे अंतरावरून ते रंगाचे धुके सोडते. ते धुके अलगद खाली बसते, आणि मागे हाताची एकही खूण उरत नाही. ह्या हत्याराचे नाव एअरब्रश, म्हणजे शब्दशः हवेचा कुंचला. आपल्या चितारी मंडळींनी व्यवहारात त्याला नुसते 'स्प्रे' म्हटले. विसाव्या शतकात मराठी घरांच्या भिंतीवर लटकणारी दिनदर्शिका, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आणि भाद्रपदात घरी येणारी गणेशमूर्ती ह्या सर्वांवर ह्या हत्याराने आपली छाया टाकली. असे असूनही त्याचा इतिहास आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तो थोडक्यात सांगावा, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

रंग फुंकून चित्र काढण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांत सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचे हाताचे ठसे आहेत. भिंतीवर पंजा ठेवावयाचा, तोंडात धरलेला गेरूचा रंग त्यावर फुंकावयाचा आणि मग हात उचलावयाचा; भोवती रंग आणि मध्ये कोऱ्या दगडाचा पंजा, असे ते चित्र. पुढे हवेच्या कुंचल्याने जे जे साधले त्याचे मूळ तत्त्व ह्या आदिमानवाच्या कृतीत पूर्णपणे आलेले आहे. रंग हवेने उडवावयाचा, आणि जेथे तो नको तेथे आड काहीतरी ठेवावयाचे. नंतरच्या माणसांनी ह्यात भर घातली ती केवळ नियंत्रणाची.

ही भर प्रथम पडली ती अमेरिकेत. आयोवा राज्यातील अॅबनर पीलर नावाच्या एका हरहुन्नरी कारागिराने १८७९ साली एक 'रंगवाटप यंत्र' तयार केले. ते ओबडधोबड होते, पण त्यातून रंगाचा फवारा हव्या त्या जागी पाडता येत असे. लिबर्टी वॉकप ह्या गृहस्थाने त्याचे हक्क विकत घेतले, त्यात सुधारणा केल्या आणि त्याचा व्यापार उभा केला. त्यानंतर चार्ल्स बर्डिक ह्याने जी रचना केली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. शिकागो येथे १८९३ साली जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात हे सुधारलेले उपकरण लोकांपुढे आले. त्याच शहरात, त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपणांस ठाऊक आहे; आणि इकडे महाराष्ट्रात लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा उपक्रम हाती घेतला, तोही ह्याच वर्षी. ह्या घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण शिकागोच्या प्रदर्शनातील ते हत्यार पुढे गणेशोत्सवाच्या मूर्तीपर्यंत येऊन पोहोचले, म्हणून हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ह्या उपकरणाची रचना दिसावयास साधी आहे. फाउंटनपेनाएवढी एक धातूची नळी. तिच्या टोकाशी सूक्ष्म छिद्र. त्या छिद्रात बसणारी एक लांब, निमुळती सुई. आणि वर रंगाची छोटी वाटी. दाबाखालची हवा छिद्राजवळून वेगाने बाहेर पडू लागली की तेथील दाब कमी होतो, रंग आपोआप पुढे ओढला जातो आणि हवेत त्याचे कण कण होतात. बोटाखाली एक खटका असतो. तो खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकून रंग सुटतो. हत्यार कागदाच्या जवळ धरले तर केसासारखी रेघ निघते, दूर नेले तर वीतभर रुंदीची छटा पसरते. पूर्वी हवेसाठी पायाने चालवावयाचा भाता असे. पुढे विजेवर चालणारा कॉम्प्रेसर आला. रंग दुधाइतका पातळ लागतो. जाड झाला तर सुई तुंबते, फार पातळ झाला तर कागदावर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात. खटक्यावरील बोटाचा दाब, मनगटाचा वेग आणि कागदापासूनचे अंतर ह्या तीन गोष्टी एकाच क्षणी सांभाळावयाच्या असल्यामुळे हे हत्यार शिकण्यास वर्षे जातात. तेव्हा यंत्राने काढलेले चित्र म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्याने निदान एकदा ते हातात धरून पाहावे.

पश्चिमेत ह्या हत्याराला प्रथम काम मिळाले ते छायाचित्रांच्या डागडुजीचे. त्या काळी लहान छायाचित्र मोठे करून घेतले की ते फिके पडे. चेहऱ्यावरील सावल्या गडद करणे, मागची अडगळ पुसून टाकणे, डोक्यामागे मऊ उजेड आणणे ही कामे फवाऱ्याने इतकी बेमालूम होत की, छायाचित्र कोठे संपले आणि रंगकाम कोठे सुरू झाले हे कळत नसे. ह्याच गुणामुळे जाहिरातींच्या चित्रकारांनी ते उचलले, आणि ह्याच गुणामुळे चित्रशाळांतील अभिजात चित्रकारांनी त्याकडे पाठ फिरविली. मॅन रे ह्यासारख्या एखाद्या बंडखोराने १९१७ ते १९१९ च्या सुमारास हवेच्या कुंचल्याने स्वतंत्र चित्रे केली. परंतु एकंदरीत हे हत्यार बाजाराचे, म्हणून हलके, असा जो शिक्का बसला तो बसलाच.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे ह्या हत्याराला जे क्षेत्र मिळाले ते आधीच सुपीक होते, कारण रोजच्या वापरातील वस्तू चितारण्याची परंपरा येथे जुनी आहे. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचेच उदाहरण घ्या. दशावतारी गंजिफेच्या एका जोडात १२० गोल पाने. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, त्यावर रंगांनी अवतार चितारावयाचे आणि वरून लाखेची चकाकी द्यावयाची. त्याच हातांनी पाट, चौरंग, पाळणे आणि देव्हारेही रंगले. ही चित्रे कोणी चित्रशाळेत टांगण्यासाठी काढली नव्हती. ती खेळता खेळता झिजावयाची होती, जेवता जेवता पुसली जावयाची होती. चित्र हे वापराच्या वस्तूवर असावे ह्यात आपल्या पूर्वजांना काही कमीपणा वाटला नाही.

छापखाना आल्यावर ही वस्तू बदलली. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली आणि देवादिकांची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर जाऊ लागली. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील कारागीर दगडावर लेखणीने अक्षरशः हजारो ठिपके देऊन लक्ष्मीच्या गालावरील छटा उतरवीत. प्रत्येक रंगास वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर ठिपक्यांची वेगळी गणना. ही गोष्ट मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, गुळगुळीत, रेघेवाचून उमटणारी छटा ही मराठी प्रेक्षकाची आवड हवेच्या कुंचल्याने निर्माण केलेली नाही. ती आवड शिळाछापाच्या चित्रांनी आधीच रुजविली होती. ठिपके देता देता ज्या कामाला दिवसच्या दिवस लागत, ते काम फवाऱ्याचे कण काही मिनिटांत करू लागले, इतकेच.

हे काम मराठी चित्रजगतात ज्यांनी अत्युच्च कोटीला नेले, त्यांचे नाव रघुवीर मुळगावकर. त्यांचा जन्म १९१८ साली गोव्यात झाला, कर्मभूमी मुंबई, आणि निधन १९७६ साली. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, देवदेवतांच्या दिनदर्शिका, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टने असा त्यांच्या कामाचा विस्तार होता. चाळीतल्या एका खोलीत एका भिंतीवर त्यांची लक्ष्मी आणि उशाखाली त्यांनीच रंगविलेल्या वेष्टनाची रहस्यकथा, असे दृश्य एके काळी मुळीच अपूर्व नव्हते. त्यांनी कुंचल्याच्या जोडीला हवेचा कुंचला घेतला आणि त्यातून जो परिणाम साधला, तो 'मुळगावकरी' म्हणून दुरूनही ओळखू येई.

तो परिणाम कोणता, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या समकालीन दीनानाथ दलाल ह्यांची आठवण करणे उपयोगी पडेल. दलालही मूळचे गोव्याचेच; जन्म १९१६ चा. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. दलालांचे सामर्थ्य रेषेत आणि जलरंगाच्या वाहत्या फटकाऱ्यात. त्यांच्या चित्रातील स्त्री वळली की ते वळण आपणांस रेषेतून कळते. चित्रकाराचा हात कोठून कोठे गेला ह्याचा आपण माग काढू शकतो. मुळगावकरांच्या चित्रात असा माग लागत नाही. तेथे गालावरचा उजेड गालातूनच उगवल्यासारखा दिसतो. दिवा कोठे आहे, सूर्य कोणत्या बाजूस आहे, हे विचारावेसे वाटत नाही. आपल्या भाषेत ज्याला 'तेज' म्हणतात, ते हे. देवाचे शरीर बाहेरच्या प्रकाशाने उजळत नाही, ते स्वयंप्रकाशी असते, ही कल्पना आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. परंतु पाश्चात्य पद्धतीने छायाप्रकाश दाखविणाऱ्या कुंचल्याला ती दाखविणे अवघड जात होते. ज्या हत्याराला प्रथम काम मिळाले ते छायाचित्रांच्या डागडुजीचे, त्याचा उपयोग मराठी चित्रकाराने तेज दाखविण्यासाठी केला. माझ्या मते ह्या हत्याराच्या इतिहासातील आपला वाटा तो हाच.

असे चित्र सिद्ध कसे होई, तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम पेन्सिलीने रेखाटन. मग ज्या भागावर रंग पडू नये तो भाग पातळ कागद अचूक कापून झाकावयाचा. आकाश फवारताना देवीची संपूर्ण आकृती झाकलेली. मुख फवारताना मुकुट झाकलेला. झाकण कागदाला घट्ट चिकटले तर कडा सुरीसारखी धारदार येते. किंचित वर उचलून धरले तर कडा धूसर होते. ढग, केसांची कड, मस्तकामागचे तेजोवलय ह्यांत हा सारा खेळ असतो. छटा फिक्यापासून गडदाकडे, एकावर एक, थर वाळवीत द्यावयाच्या. आणि हे सर्व झाल्यावर डोळे, पापण्या, ओठांची कड, दागिन्यांवरील मोती ह्यांसाठी बारीक केसांचा कुंचलाच हाती घ्यावा लागे. हवेचा कुंचला तेज देऊ शकतो. दृष्टी देऊ शकत नाही. ही मर्यादा त्या काळच्या कारागिरास ठाऊक होती, आणि म्हणूनच त्याने जुना कुंचला कधी टाकून दिला नाही.

ह्या चित्रांवर आक्षेप पुष्कळ घेण्यात आले, आणि ते सर्वच निराधार होते असे नव्हे. सगळ्या देवता एकाच साच्यातल्या दिसतात, सगळ्यांचे गाल सारखेच गुलाबी, हाडामांसाचा माणूस ह्यांत कोठे नाही, असे टीकाकार म्हणत. फवाऱ्याची सवय लागली की चित्रकार शरीररचनेच्या अडचणी धुक्याखाली लपवू लागतो, हेही खरे आहे. परंतु ही चित्रे कशासाठी होती, ह्याचा विचार टीकाकारांनी क्वचितच केला. ती एका हाताच्या अंतरावरून न्याहाळावयाची नव्हती. स्वस्त कागदावर, हजारोंच्या संख्येने छापली गेल्यावर, अपुऱ्या उजेडाच्या खोलीत, पलीकडच्या भिंतीवरून ती दिसावयाची होती. तशा ठिकाणी बारीक रेषा हरवते आणि मऊ छटा टिकते. चित्राचे मोल त्याच्या जागेवरून ठरवावयाचे असेल, तर ह्या चित्रांनी आपली जागा पूर्णपणे भरून काढली होती, हे मान्य करावे लागेल.

कागदाबरोबरच वस्तूंचाही रंग बदलत होता. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास मोटारींसाठी 'ड्युको' नावाचा लवकर वाळणारा, फवाऱ्याने मारावयाचा रंग आला. पूर्वी गाडी रंगवून वाळावयास आठवडे लागत. ते काम आता थोड्या दिवसांत होऊ लागले. हे नाव आपल्या गॅरेजांतून इतके रुजले की, कोणत्याही कंपनीचा चकचकीत रंग हा 'ड्युको'च झाला. लोखंडी कपाट, शिवणयंत्र, सायकल, स्कूटर ह्यांच्यावरचा एकसारखा तकाकता थर ही फवाऱ्याची देणगी होय. त्यासाठी वापरावयाची स्प्रेगन ही हवेच्या कुंचल्याची थोरली बहीण. तत्त्व एकच, पल्ला मोठा.

ही स्प्रेगन आणि तो नाजूक हवेचा कुंचला ह्या दोहोंची भेट जेथे झाली, ते ठिकाण म्हणजे मूर्तिकाराचा कारखाना. रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. मूर्तींची मागणी वाढत गेली तशी केवळ हाताच्या कुंचल्याने अंगरंग देणे अशक्य झाले, आणि कॉम्प्रेसरचा घरघराट ह्या गावांतून वर्षातील कितीतरी महिने ऐकू येऊ लागला. नागपूरच्या महाल भागातील चितारओळीतही हेच घडले. चितारओळ हे नावच चिताऱ्यांची वस्ती सांगते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर पसरला, आणि त्या मुलखाशी नागपूरचे जे नाते तेव्हा जडले ते आजही तुटलेले नाही. तिकडे दुर्ग जिल्ह्यातही थनौद हे मूर्तिकारांचे गाव आहे. भिलाईचा पोलाद कारखाना आणि त्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी-अहिवारा परिसरातील खाणी ह्यांच्या निमित्ताने देशाच्या अनेक प्रांतांतली माणसे ह्या जिल्ह्यात येऊन राहिली. त्यांच्या गणेशोत्सवातील आणि दुर्गोत्सवातील मूर्तींच्या अंगावरही हाच फवारा फिरतो.

मूर्तीच्या बाबतीत कामाची वाटणी फार अर्थपूर्ण आहे. अंगाचा रंग, पितांबराची छटा, सोंडेवरील आणि पोटावरील सावली ही फवाऱ्याने होते, आणि ती बहुधा तरुण कामगार करतात. डोळ्यांची 'आखणी' मात्र कारखान्यातील सर्वांत कसलेल्या हाताकडे राखून ठेवलेली असते. त्या वेळी कॉम्प्रेसर काही कामाचा नसतो. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, आणि एकाच रेषेत येणारी पापणी. आखणी चुकली तर मूर्ती गेली, असे मूर्तिकार मानतात. दिनदर्शिकेच्या चित्रकाराने जी मर्यादा ओळखली होती, तीच मातीत काम करणाऱ्यानेही स्वतंत्रपणे ओळखली, हे विशेष होय.

फवाऱ्याची किंमतही मोजावी लागते, हे येथे सांगितले पाहिजे. हवेत उडणारे रंगकण कामगाराच्या छातीत जातात. तोंडावर योग्य मुखपट्टी आणि खोलीत हवा खेळती नसेल, तर ह्या धंद्यातील माणूस लवकर थकतो. विषारी रंग पाण्यात उतरू नयेत म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली मार्गदर्शक नियम केले आणि २०२० साली ते सुधारले. तेजासाठी वापरलेला रंग कारागिराला आणि नदीला अपाय करणारा नसावा, ही अपेक्षा वाजवीच आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या कुंचल्यावर मोठे संकट आले, ते संगणकाच्या रूपाने. फोटोशॉप हा चित्रसंस्काराचा कार्यक्रम १९९० साली बाजारात आला. त्याच्या हत्यारांत एकाचे नाव 'एअरब्रश' असेच होते. नाव राहिले, हत्यार गेले. जी छटा आणण्यासाठी झाकणे कापावी लागत, सुया धुवाव्या लागत, ती आता पडद्यावर बोट फिरवून येऊ लागली. पाठोपाठ फ्लेक्सवर छपाई सुरू झाली आणि पाट्या रंगविणारे पेंटर, चित्रपटांचे फलक उभारणारे कलावंत, दिनदर्शिकांचे चित्रकार ह्या सर्वांचे काम काही वर्षांच्या आत ओसरले. पंधरा-वीस वर्षे खटक्यावर बोट ठेवून जे कौशल्य मिळविले, त्याला एकाएकी गिऱ्हाईक उरले नाही.

तरीही हे हत्यार नाहीसे झाले नाही. ते जेथून आले होते तेथेच, म्हणजे वापराच्या वस्तूकडेच, परत गेले. आज एखादा तरुण आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर गरुड काढून घेतो, कोणी शिरस्त्राणावर ज्वाळा मागतो, कोणी दिवाणखान्यासाठी लाकडी फळीवर निसर्गदृश्य रंगवून घेतो. छापील चित्र लाखो घरांत एकच असते. ही वस्तू मात्र एकाची, एकदाच केलेली. वक्र, गुळगुळीत पत्र्यावर छापखाना पोहोचत नाही आणि केसांचा कुंचला रेघा सोडतो. तेथे हवेचा कुंचला अजूनही लागतो. ह्या अर्थाने आजचा हा कारागीर मुळगावकरांचा जेवढा वारस आहे, तेवढाच सावंतवाडीच्या त्या गंजिफेवाल्या चिताऱ्याचाही आहे.

राहता राहिला प्रश्न आपल्या कर्तव्याचा. दिनदर्शिकेचे मूळ चित्र ही छापखान्याच्या दृष्टीने केवळ कामापुरती वस्तू होती. छपाई झाली की तिची काळजी घेण्याचे कारण कोणास वाटत नसे. छापलेली प्रत तर ३१ डिसेंबरला भिंतीवरून उतरावयाचीच होती. मूर्तीचे विसर्जन होते, टाकीवरचा रंग उन्हाने उडतो. ज्या चित्रांनी मराठी माणसाच्या डोळ्यांना सौंदर्याची पहिली ओळख करून दिली, ती चित्रे टिकण्यासाठी काढलीच गेली नव्हती. म्हणूनच त्यांचा इतिहास लिहिणाऱ्यास आज चित्रांपेक्षा आठवणींवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. आपल्या संग्रहालयांतून तैलचित्रांना जागा आहे, नाण्यांना आहे, शस्त्रांना आहे. एखाद्या कपाटात एक जुना एअरब्रश, पायाचा भाता, कापलेल्या झाकणांचे पाकीट, अर्धवट राहिलेले एक चित्र आणि शेजारी तेच चित्र छापलेली दिनदर्शिका अशी मांडणी व्हावयास फारसा खर्च येणार नाही. ज्यांनी हे काम केले त्यांतील कित्येक वृद्ध कारागीर अद्याप हयात आहेत. झाकण कसे कापावे, रंग किती पातळ करावा, हे ते सांगू शकतील. ते विचारून टिपून ठेवण्यास अजून अवधी आहे. मात्र तो फार नाही.